थेंबकाकांच्या तीस बाटल्या

माझ्या मावशीच्या नवऱ्याला आम्ही सगळी भाचरं थेंबकाका म्हणतो. तोंडावरही म्हणतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटत असावं. अडतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे काढली. डॉक्टरांनी लिहायचं आणि काकांनी मापायचं. लहानपणी त्यांच्याकडे राहायला गेलं की खोकल्याचं औषध चमच्याने कधी मिळालं नाही. चमचे लहानमोठे असतात, असं त्यांचं म्हणणं. औषध यायचं ते काचेच्या इवल्याशा मापातून, आणि ते माप डोळ्यांच्या रेषेत यावं म्हणून काका चक्क गुडघ्यांवर बसायचे. आम्ही तोपर्यंत खोकून खोकून बरे व्हायचो.

मावशी तर म्हणते, "यांनी मला लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा वाक्यं मोजून आणली होती. सात. मी सहाव्यालाच हो म्हणून टाकलं, तर सातवं वाया गेलं म्हणून दोन दिवस चुटपुटत होते."

माझा स्वभाव याच्या अगदी उलट. मी अंदाजाने जगणारी बाई, आणि राग कायम नाकावर. त्यामुळे आधीच कबूल करून टाकते की या प्रकरणात "विका ती गाडी" असं म्हणणारी मीच होते, आणि चांगलं घसा ताणून म्हणत होते.

गाडी मावशीची. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. काठी घेऊन चालते, पण त्या पायाने क्लच दाबणं तिला जन्मात शक्य नव्हतं. म्हणून दोघांनी शोधून शोधून ही गाडी आणली. समुद्रापलीकडून आलेली, आधीच कुणीतरी वापरलेली, गिअर आपोआप बदलणारी. पायाशी दोनच पट्ट्या, आणि दोन्ही उजव्या पायाच्या ताब्यात. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं. "आयुष्यात पहिल्यांदाच याला कुणी काही म्हणालं नाही," असं मावशी म्हणाली होती.

आणि मावशी काही हौसेखातर गाडी फिरवत नव्हती. ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे केस कापते. घरोघरी जाऊन. एका पिशवीत कात्र्या, कंगवे, पाण्याची फुसफुस बाटली आणि एक जुनी चादर. अर्धं डोकं झालं की माणसाला हलकेच कुशीवर वळवायचं, मग उरलेलं अर्धं. एकदा तिने मला मदतीला नेलं होतं. काम झाल्यावर मी विचारलं, हे लोक तुझी एवढी वाट का बघतात गं? ती म्हणाली, "भेटायला येणारे खुर्चीत बसतात आणि घड्याळ बघतात. मी डोक्याला हात लावते."

काका मात्र गाडी चालवत नाहीत. कधी शिकलेच नाहीत. ते शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसतात, आणि मावशी चालवते. लोकांना याचं हसू यायचं, मलाही यायचं. पण निवृत्त झाल्यावर गाडीची निगा मात्र त्यांनी पूर्णपणे स्वतःकडे घेतली. आधी ती बघणारा म्हातारा मेकॅनिक गॅरेज बंद करून लेकीकडे राहायला गेला, आणि काकांना दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटेना.

त्यांनी आपला एक क्रम बसवला. दर रविवारी सकाळी सहाला उठायचं. मावशी आठवड्यातून तेवढी एकच सकाळ उशिरापर्यंत झोपते, म्हणून चपला हातात घेऊन बाहेर यायचं. घराला लागूनच पत्र्याची शेड आहे, गाडी तिथे असते. बॉनेट उघडताना आवाज होऊ नये म्हणून कडीखाली टॉवेल धरायचा. मग पाणी, इंजिनचं तेल, बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्सचं तेल. त्याची एक लांब पट्टी असते. ती ओढून काढायची, पुसायची, परत आत घालायची, काढायची, आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत लागलंय ते बघायचं. पुसायला दवाखान्यातल्या जुन्या पांढऱ्या डगल्याचे तुकडे. सगळं झालं की हात धुऊन, चहा करून, मावशीला उठवायचं.

गाडीबरोबर आलेलं एक पुस्तक होतं, पण ते तिकडच्या भाषेत आणि तिकडच्याच लिपीत. ही गोष्ट फोन समोर धरला की तो कुठलंही पान वाचून दाखवतो त्याच्या आधीची. काका त्यातले आकडे वाचायचे आणि चित्रं बघायचे. चित्रं सुरेख होती. प्रत्येक चित्रात काहीतरी करणारा एक नीटनेटका माणूस, आणि कुठे कुठे गाडीत बसलेली एक बाई. "हौशी लोक आहेत," काका म्हणायचे, "पट्टी कशी बघायची ते दाखवायलासुद्धा अख्खं कुटुंब काढतात."

दोनेक वर्षं सुरळीत गेली. मग गाडी कुरकुरायला लागली. सकाळी गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, टाकला की गाडी लगेच निघेना. इंजिन नुसतं ओरडायचं, आणि तीनचार सेकंदांनी कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी गाडी पुढे उडी मारायची. पुढे पुढे वळणावर घसरायला लागली. आणि चढावर तर हातच टेकले.

चढ म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीचा. त्याच्या टोकाशी एक बाई राहतात. सहा वर्षं अंथरुणावर आहेत. आम्ही त्यांना चढावरच्या बाई म्हणतो. मावशी दर तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे जायची. तिथे जायला दुसरा रस्ता नाही, आणि काठी घेऊन तो चढ चालणं मावशीच्या हातातली गोष्ट नाही. एकदा अर्ध्यातच गाडीने मान टाकली आणि मावशीला मागे मागे घेत खाली यावं लागलं. त्यानंतर तिने दोनदा फोन करून नाही म्हणून सांगितलं.

काकांनी मावशीला गाडी एका गिअरबॉक्सवाल्याकडे न्यायला लावली. मीही बरोबर होते. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या. त्याने एक चक्कर मारली, इंजिन बंद केलं, पट्टी काढून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"तेल जळलंय. बघा, चहासारखं झालंय. लाल पाहिजे."

"पातळी बरोबर आहे," काका म्हणाले. "दर रविवारी मी स्वतः बघतो. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही."

काका इतक्या खात्रीने बोलले की त्याने पुढे काही पाहिलंच नाही. तो हात पुसत म्हणाला, "मग आतल्या गिअर धरणाऱ्या चकत्या गेल्या. काका, एक सांगू? आता तेल बदलूही नका. त्या झिजेची पूड तेलात आहे, आणि त्या पुडीच्या जिवावरच चकत्या एकमेकींना धरून आहेत. नवं तेल घातलंत तर गाडी जागची हलणार नाही. असा गिअरबॉक्स आता मिळतही नाही. चालतेय तोवर चालवा, नाहीतर विकून मोकळे व्हा."

परत येताना मी तोंड उघडलं. विका, म्हटलं. रिक्षा आहेत, टॅक्सी आहेत, मी आहे. मावशी गाडी चालवत होती. घराजवळच्या वळणावर गाडी घसरली तेव्हा तिने नुसतं स्टिअरिंग घट्ट धरलं.

त्यानंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर कात्र्यांची पिशवी. नुकतंच तिने चढावरच्या बाईंना तिसऱ्यांदा नाही म्हणून सांगितलं होतं. काका आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "झालं. आता मीही खिडकीतल्या माणसांत जमा. तू तरी येऊन माझे केस कापत जा."

मी काहीतरी फालतू विनोद केला. आतल्या खोलीत घडीचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच बसने जाऊन नवीन तेलाचे एकेक लिटरचे चार डबे, तेलाची जाळी आणि तळाच्या झाकणाचं पॅकिंग घेऊन आले. पुस्तकात त्या झाकणाच्या चित्राशेजारी चाराचा आकडा होता, म्हणून चार. मला फोन केला. "रविवारी सकाळी ये. मला एक जोडी हात हवेत. तोंड नको."

"गिअरबॉक्सवाल्याने काय सांगितलंय आठवतंय ना? गाडी कायमची बसेल."

"आता काय ती उभी आहे?" काका म्हणाले. त्यांनी आवाज चढवलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

रविवारी मी पोचले तेव्हा शेडमध्ये शस्त्रक्रियेची तयारी होती. गाडी जॅकने उचलून चार लोखंडी स्टँडवर ठेवलेली. काकांनी स्वतः चारही बाजूंनी ढकलून ती हलत नाही याची खात्री करून घेतली, मग मला ढकलायला लावलं, मगच कुणाला खाली जाऊ दिलं. जमिनीवर जाड पुठ्ठा. बोल्ट ठेवायला दवाखान्यातला गोळ्या मोजायचा ट्रे, त्यात सोळा खाने पेन्सिलीने आखलेले, कुठला बोल्ट कुठला ते कळावं म्हणून. तेल मापायला मोठं काचेचं भांडं. मावशी काठी टेकत बाहेर आली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. अंगावर गाऊन, हातात चहाचा कप.

"पेशंटच्या नातेवाईकांनी बाहेर थांबावं," काका गाडीखालून म्हणाले.

"पेशंट माझी आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही नातेवाईक."

या गिअरबॉक्सच्या तळाला तेल सोडायचा बोल्ट नव्हता. अख्खं झाकणच काढावं लागतं. एका बाजूचे बोल्ट ढिले करायचे, झाकण तिकडे कलतं, आणि कडेने तेल खालच्या परातीत पडतं. काका म्हणाले तसं मी सावकाश करत होते. तरी शेवटच्या क्षणी घाई झालीच, आणि तेलाची एक धार माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेली. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी मात्र खूष झाली.

झाकण खाली आल्यावर काकांनी आधी त्यातलं लोहचुंबक काढलं. झिजलेल्या लोखंडाचा कण अन् कण ते धरून ठेवतं. गिअरबॉक्स आतून मोडलेला असेल तर त्यावर धातूचे तुकडे सापडतात. काकांनी त्यावरचा लेप दोन बोटांत घेतला, चोळला, उजेडात धरला. काळपट, मऊ, काजळासारखा. खडा एकही नाही.

"जिवंत आहे," ते म्हणाले. मावशीने कप खाली ठेवला.

मग त्यांनी परातीतलं तेल काचेच्या भांड्यात ओतलं, गुडघ्यांवर बसले आणि डोळे रेषेत आणून माप बघितलं. बराच वेळ बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग पुस्तक उघडलं.

"अडीच लिटर," ते म्हणाले. "पुस्तक म्हणतंय, झाकण काढलं की चार लिटर यायला पाहिजे."

"गळत असेल कुठेतरी," मी म्हटलं.

"कुठे? जमीन बघ. दोन वर्षांत एक डाग नाही." ते खरंच होतं. त्यांच्या शेडमधली जमीन आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ.

काका उभे राहिले. अगदी हळू. भिंतीशी दवाखान्यातून आणलेलं जुनं कपाट होतं, त्याचा खालचा खण त्यांनी उघडला. आत ओळीने छोट्या तपकिरी काचेच्या बाटल्या होत्या. औषधाच्या असतात तशाच. प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरातलं लेबल, तारीख, आणि ‘पन्नास मिली’. त्या ते एकेक करून जमिनीवर मांडायला लागले. मी मोजत गेले. तीस.

"हे काय आहे?" मावशीने विचारलं.

"दीड लिटर," काका म्हणाले.

झालं होतं ते असं. पहिल्याच रविवारी त्यांनी पट्टी काढून बघितली तेव्हा तेल खुणेच्या बरंच वर दिसलं. म्हणजे जास्त झालंय. जास्त डोस. काकांच्या लेखी यासारखा गुन्हा नाही. पण एकदम कमी करणंही बरं नव्हे, म्हणून दर दुसऱ्या रविवारी सिरिंजला रबरी नळी लावून पट्टीच्या नळीतून पन्नास मिली तेल ओढायचं, आणि औषध फेकायचं नसतं म्हणून बाटलीत भरून ठेवायचं. वर्षभर, अजून थोडे महिने. तीस वेळा. तेल बरोबर खुणेवर आलं तेव्हा थांबले. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं.

"पण खुणेवरच तर होतं," ते म्हणत राहिले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. खुणेवरच होतं."

"ते पुस्तक आणा इकडे," मावशी म्हणाली.

तिने चष्मा लावून पान मांडीवर घेतलं. पट्टी बघणारा नीटनेटका माणूस, आणि गाडीत बसलेली ती बाई. मावशी त्या बाईकडे बघत राहिली. मी इतकी वर्षं ते चित्र वरवर बघितलेलं, काकांनी शंभरदा. पण त्या बाईच्या जागी बसणारी आमच्यात एकटी मावशीच.

"अहो, हिचा पाय ब्रेकवर आहे," ती म्हणाली. "आणि हात दांड्यावर. आणि मागे हे काय आहे, ही फुंकर? धूर काढलाय. गाडी चालू आहे."

काका जवळ आले. वाकून बघितलं.

"इंजिन चालू ठेवून बघायचं असतं," मावशी म्हणाली. "चालू असलं की तेल आत वर खेळतं. बंद केलं की सगळं खाली येऊन बसतं, मग जास्त दिसणारच. म्हणून ही बाई बसवलीय. ती शोभेला नाही काढलेली."

काका स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. अडतीस वर्षं लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात न लावणारा माणूस. न वाचता औषध देणाऱ्या किती पोरांना त्यांनी रडवलं असेल. आणि इथे डोळ्यांत तेल घालून जी गाडी जपली, तिच्याच पोटातलं तेल ते दर पंधरवड्याला काढून घेत होते.

"मी उपाशी ठेवली तिला," ते म्हणाले. "तुझे पाय होते ते. मीच." हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं. "मी नाही आता हात लावत. पोरी, त्या गिअरबॉक्सवाल्याला बोलव. तो करेल ते करू दे."

गिअरबॉक्स उघडा, तेल काढलेलं, गाडी चार स्टँडवर. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागही आला होता. मावशी इतके आठवडे खिडकीत बसली ती यांच्या सिरिंजमुळे. मग मी मावशीकडे बघितलं.

"इंजिन का नाही सुरू केलंत कधी?" तिने विचारलं.

"किल्ली फिरवता येते मला. तेवढं येतं."

"मग?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "आवाज झाला असता. तू झोपलेली असायचीस."

मावशीला हसू आलं. आधी आतल्या आत, मग खांदे हलायला लागले, मग काठी खाली पडली. "अहो, माणसाचं बीपी झोपेत मोजून गोळ्या कमी करत गेलात होय!" असं म्हणून ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणि डोळे पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

"उठा," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही माझ्या गाडीला. चूक कळलीय ना? मग औषध चुकलं तेव्हा काय करायचात दवाखान्यात?"

"योग्य डोस द्यायचा," काका म्हणाले, "आणि बाजूला बसून राहायचं."

मग आम्ही काम केलं. काकांनी झाकण धुऊन पुसून लख्ख केलं, चुंबक पुसून जागेवर बसवलं, जुनी जाळी काढून नवी लावली. पॅकिंग बसवलं. सोळा बोल्ट मी आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळत नेले, आणि प्रत्येक फेरीला काका म्हणायचे, "सावकाश, ते लोखंड आहे, तुझा शत्रू नाही." गाडी स्टँडवरून खाली सपाट जमिनीवर आणली. लांब नळीच्या गाळण्याने पट्टीच्याच वाटेने नवं तेल ओतलं. लाल, नितळ. चारही डबे. सांडला एकही थेंब नाही.

मावशी गाऊनवरच गाडीत बसली. काठी मागच्या सीटवर टाकली. ब्रेक दाबला आणि किल्ली फिरवली.

"मागे टाक," काका बॉनेटपाशी उभे राहून म्हणाले. "पाचपर्यंत मोज. आता मध्ये. मोज. आता पुढे."

दांडा ‘डी’वर गेला. आम्ही तिघंही श्वास रोखून त्या ओरडण्याची आणि लाथेची वाट बघत होतो. गाडी हलकेच दबली, आणि ब्रेकवर तशीच थांबली. ओरडणं नाही, उडी नाही.

"अहो," मावशी काचेतून म्हणाली. तेवढंच.

परत दांडा पहिल्या जागी, इंजिन चालू. काकांनी पट्टी काढली, डगल्याच्या तुकड्याने पुसली, घातली, काढली. पट्टीवर गार तेलासाठी आखलेल्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये. त्यांनी ती मावशीला दाखवली, मग मला दाखवली, मग पुन्हा मावशीला.

पण खरी परीक्षा चढाची होती. दुसऱ्या दिवशी अकराला येते, असं मावशीने चढावरच्या बाईंना कळवलं. मला रजा काढायला लावली, ढकलायला कुणीतरी हवं म्हणून. मी मागे बसले, काका नेहमीसारखे पुढे, मांडीवर पिशवी. चढ लागला तशी काकांची बोटं पिशवीच्या बंदाभोवती गुंडाळली गेली. मागच्या वेळी जिथे गाडी थांबली होती तिथे एक मोडका खांब आहे. तो आला. गिअर एक पायरी खाली उतरल्याचं मला बुडाखाली जाणवलं, आणि गाडी कुणाला काही न विचारता वर चढत गेली. खांब मागे पडला. माझा जीव भांड्यात पडला. मावशी पुढे बघत गाणं गुणगुणायला लागली. काका खिडकीतून बाहेर बघत होते आणि सारखं नाक पुसत होते.

मावशी पिशवी घेऊन आत गेली. आम्ही दोघं गाडीतच बसलो. वरच्या खिडकीतून एक अशक्त आवाज आला, "आलीस का गं? किती वाढले बघ!" आणि मग कात्रीचा आवाज.

थोड्या वेळाने सामान पोचवणारा टेंपोवाला आला. "काका, गाडी जरा पुढे घेता का?"

"ड्रायव्हर वर आहे," काका शांतपणे म्हणाले.

मीच पुढे जाऊन गाडी सरकवली. परत बसल्यावर मला राहवलं नाही. "काका, एवढं सगळं करता, मग चालवायला का नाही शिकलात? दोनच तर पट्ट्या आहेत."

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. बहुतेक वाक्यं मोजत असावेत.

"गाडी आणली त्या दिवसाची गोष्ट. पसंत तिने केली, चालवून तिने बघितली. विकणारा आला आणि त्याने किल्ली माझ्या हातात दिली. तिचा हात पुढे आला होता. तिने तो मागे घेतला, आणि काठी धरली. तिला वाटलं मला दिसलं नाही." ते वरच्या खिडकीकडे बघत होते. "मी तेव्हाच ठरवलं, शिकायचंच नाही. मला येत असतं तर लोकांनी किल्ली मलाच दिली असती. मग पाऊस आहे, रस्ता खराब आहे, तू दमलीयस, असं करत करत एक दिवस ती या सीटवर येऊन बसली असती."

हे मावशीला माहीत आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिला वाटतं मी भित्रा आहे. वाटू दे."

गाडी अजून चालते. मी "विका" म्हणाले होते त्याची आठवण मावशी मला न चुकता करून देते. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. शेडमध्ये इंजिन चालू होतं. मावशी डोळे चोळत, गाऊनवर, एका हातात चहाचा कप धरून गाडीत बसली होती, पाय ब्रेकवर, आणि कुरकुरत होती. "माणसाला एक रविवार झोपू देत नाहीत. मागे टाकलं. मोजलं. मध्ये. मोजलं. पुढे. अहो, बघितलं का?"

"बघितलं," काका बॉनेटमागून म्हणाले.

मी हात पुसायला फडकं शोधत कपाटाचा खालचा खण उघडला. तीसपैकी एकोणतीस बाटल्या रिकाम्या करून, धुऊन, उलट्या घालून ठेवल्या होत्या. एक मात्र भरलेली होती, अगदी पुढे, त्या पांढऱ्या फडक्यांच्या शेजारी, म्हणजे दर रविवारी हात तिथेच जावा. जुनं लेबल खरवडून काढलं होतं. नवीन लेबलावर दवाखान्यातल्या त्याच बारीक, नीट अक्षरात लिहिलं होतं: ‘माप घेण्यापूर्वी हिला उठवणे.’